रशीदाबीचं काय वाढलं

उंब्रजच्या बाजारात रशीदाबी मणेर बांगड्यांच्या पेट्या उघडून बसली, की दोन गोष्टी हमखास चालू असायच्या. समोर बसलेल्या बाईच्या हातात बांगड्या चढत असायच्या आणि तिथं हजर नसलेल्या कुठल्यातरी बाईची अब्रू हळूहळू उतरत असायची.

हा नुसता स्वभाव म्हणता येणार नाही, धंद्याचाच भाग होता तो. काचेची बांगडी बेताच्या मापाची असली, की हाताच्या हाडावरून जाताना बाई अंग चोरते, मूठ आवळते आणि नेमकी तिथंच काच दगा देते. हात ढिला सुटायला हवा. आता 'ढिला सोड' म्हणून कुणाचा हात ढिला सुटलाय? उलट जास्तच आवळतो. म्हणून रशीदाबी विचारायची, "व्हय गं, तुझ्या जावंनं नवा फ्रीज घेतला म्हणं?" बाईचं ध्यान जावेच्या फ्रीजकडं गेलं, की हात बेवारशी. तेवढ्यात हिनं अंगठ्याच्या मुळाशी दाबून, बोटं जुळवून, बांगड्या मनगटावर पोचवलेल्या असायच्या. बाईला कळायचं ते घरी गेल्यावर. आणि हेही तेव्हाच कळायचं, की फ्रीजच्या भरात आपण जावेचं कर्जसुद्धा सांगून बसलो.

धंद्याचा दुसरा नेम शब्दाचा. बांगडी फुटत नाही, बांगडी वाढते. सवाष्णीच्या हातातली काच तुटली तरी तोंडातून वाईट शब्द काढायचा नसतो, हे सगळ्याच बायकांना ठाऊक. रशीदाबीनं मात्र तो नेम पार चुलीपर्यंत नेला होता. तिच्या घरात कप वाढायचा, बशी वाढायची, नवऱ्याच्या म्हणजे चांदसाहेबाच्या लुनाचा आरसासुद्धा एस.टी. स्टँडसमोर वाढला होता. लेक सुमैरा लहानपणी एका लग्नघरात 'अम्मी, फुटली' म्हणून ओरडली, तर भर मांडवात तिच्या पाठीत धपाटा बसला. पुढं शाळेत गुरुजी म्हणाले, देशाची लोकसंख्या वाढली, तेव्हा त्या पोरीला म्हणे रडू कोसळलं. खरंखोटं रशीदाबीलाच माहीत, कारण सांगायची तीच.

तर अशा या रशीदाबीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डावा आधीपासूनच बेताचा होता. वर्षभर तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. रंग विचारायची युक्ती केली, "तुझ्याच तोंडानं सांग, कुठला काढू?" मापाचं तर बोटांनाच कळायचं. पण कराडच्या अलीकडं एका लग्नात घात झाला. नवरीच्या हिरव्या चुड्यात हिनं एक गडद निळी बांगडी चढवली. करवल्या हसल्या. ती काढायच्या गडबडीत बांगडी वाढली आणि नवरीच्या हाताला रक्त आलं. थेंबभरच, पण हळदीच्या अंगावर थेंबभर रक्त म्हणजे मांडवभर चर्चा.

त्या मांडवात साळूबाई होती. साळूबाई म्हणजे रशीदाबीची शेजारीण, मैत्रीण आणि बातम्यांच्या धंद्यातली एकमेव स्पर्धक. साळूबाईच्या स्वतःच्या लग्नात चुडा भरला होता तो रशीदाबीच्या सासूनं. सुनेचा भरला रशीदाबीनं. आता नात हर्षलाचं लग्न ठरलं होतं, तुळशीची लग्नं झाली की लगेच. साळूबाईनं आडपडदा ठेवला नाही. दारात उभं राहून म्हणाली, "भाबी, डोळा करून ये. न्हाईतर मी कराडच्या दुकानातनं चुड्याचा डबा आणती. पोरीच्या हाताला रगात नगं मला."

रशीदाबी हसली, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. हर्षलाचा चुडा दुकानातल्या डब्यातून आला, तर पेठेतल्या बाकीच्या पोरींचाही तिथूनच येणार. आणि लग्नघरात बोलावणं नाही म्हणजे बातमीही नाही. जगायचं कशावर?

गावात आलेल्या डोळ्यांच्या शिबिरात तपासणी झाली. ऑपरेशन सांगलीला, एका डोळ्यांच्या दवाखान्यात ठरलं. सुमैरा सांगलीतच नांदत होती, त्यामुळं मुक्कामाची सोय झाली. दवाखान्यात सगळ्यांचं रक्त, साखर, प्रेशर बघितलं गेलं. रशीदाबीचं सगळं ठाकठीक. डॉक्टर विश्वजीत म्हणून होते, तरुण, बोलायला मऊ. त्यांनी समजावलं, की आतलं गढूळ भिंग काढायचं आणि त्या जागी नवं भिंग बसवायचं. रशीदाबीनं मान डोलावली. पण चाळीस वर्षं काच विकलेली बाई ती. भिंग म्हणजे काच, डोळा म्हणजे बोराएवढी जागा, आणि माप घेताना तर तिला कुणी दिसलं नव्हतं.

टेबलावर झोपवल्यावर तोंडावर हिरवं कापड आलं. त्याला एका डोळ्यापुरतं भोक. दंडाला पट्टा बांधला होता, तो आपोआप फुगायचा, दंड आवळायचा आणि सुस्कारा टाकून सैल व्हायचा. डोळ्यात थेंब घालून घालून तो बधिर झालेला. आपला डोळा आपल्याच कपाळाखाली आहे की नाही, याचाही पत्ता लागेना. कापडाखाली ऊन ऊन श्वास. डॉक्टर म्हणाले, "आजी, अजिबात हलू नका." रशीदाबीनं श्वाससुद्धा हलू दिला नाही.

मंगल नावाची सिस्टर पट्ट्याच्या मशीनजवळ उभी होती. ती म्हणाली, "सर, वाढतंय."

रशीदाबीचे कान टवकारले.

पट्टा पुन्हा फुगला. त्याच वेळी कुणीतरी ट्रेमध्ये काहीतरी ठेवलं, किण्ण असा आवाज झाला आणि मंगल म्हणाली, "वाढलं, सर. लय वाढलं."

डॉक्टर म्हणाले, "थांबवू या. आज नको."

कापडाखाली रशीदाबीनं हिशेब लावला. भिंग वाढलं. पोराच्या हातून भिंग वाढलं.

बाहेर आणून डॉक्टरांनी नीट सांगितलं, की प्रेशर दोनशेच्या वर गेलं होतं, अशा वेळी डोळा उघडला तर आत रक्तस्राव होऊ शकतो, डोळाच जायचा. गोळी सुरू करू आणि पुन्हा बोलावू. सुमैरा घाबरली. रशीदाबी मात्र डॉक्टरांकडं मोठ्या मायेनं बघत होती. गिऱ्हाइकाला गोष्ट कशी गोड करून सांगावी, हे तिला शिकवायला नको होतं. हात चुकला की ती स्वतःही म्हणायचीच, अगं, काचच हलकी आली या खेपेला. डॉक्टरची काच हलकी म्हणता येत नाही, म्हणून प्रेशर म्हणायचं. पोरगा नवा आहे. हात बसेल हळूहळू. भर मांडवात काच वाढल्यावर माणसाचं काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला माहीत? कुणापाशी बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं आणि खरंच बोलली नाही. रशीदाबीच्या पोटात गोष्ट राहिली, ही उंब्रजमधली पहिलीच वेळ असावी.

ती गप्प म्हटल्यावर गाव बोलू लागलं. साळूबाईचं मत, चहा. दिवसाला किती कप होतात हे तिला पाठ होतं, कारण निम्मे तिच्याच घरी व्हायचे. कुणी म्हणालं, त्या नवरीची नजर लागली. कुणी म्हणालं, दवाखान्यातल्या थंड मशीनीनं रक्त आटतं आणि वर चढतं. चांदसाहेबाला विचारलं तर तो म्हणाला, आमच्या घरात सगळं प्रेशर पहिल्यापासून तिच्याकडंच हाय, मला कवा मिळालंच न्हाई.

सुमैरानं घरी प्रेशर मोजायचं मशीन आणून दिलं. आणि इथून रशीदाबीला नाद लागला. मनगटाला पट्टा बांधून ती दिवसभर स्वतःचं प्रेशर पकडायला बसायची. सकाळी उठल्यावर बरोबर. चहा प्यायल्यावर बरोबर. मग मुद्दाम मासळीवालीशी भांडून आली आणि दारातच पट्टा बांधला. तरी फार काही नाही. चांदसाहेबाकडं जुन्या गोष्टी उकरून काढून पाहिल्या. त्याचंच थोडं हललं. आणि साळूबाईशी तासभर पेठेतल्या भानगडी बोलून मोजलं, तर सगळ्या दिवसात सगळ्यात कमी. चांदसाहेब म्हणाला, मग डॉक्टरला सांग, गोळीच्या जागी साळूबाई लिहून दे.

रशीदाबीला यातून एकच गोष्ट दिसली. आपलं प्रेशर कुठंच वाढत नाही. म्हणजे दवाखान्यात वाढलं ही थापच. वाढलं ते भिंगच.

दुसऱ्या खेपेला ती आधीच अवघडून टेबलावर चढली. सकाळची गोळी घेतलेली, बाहेर मोजलं तेव्हा सगळं जागच्या जागी. पण हिरवं कापड तोंडावर आलं आणि तिचं सगळं चित्त कानात गोळा झालं. आता म्हणेल, मग म्हणेल. पट्टा फुगला, सुटला, फुगला, सुटला. आणि मंगल हळूच म्हणाली, "सर, वाढायला लागलंय."

त्यानंतर काय व्हायचं ते झालं. जिभेखाली गोळी ठेवून बराच वेळ वाट पाहिली, पण मशीनवरचा आकडा खाली येईना. डॉक्टरांनी पुन्हा थांबवलं. या खेपेला ते जरा काळजीत दिसले. म्हणाले, पुढच्या वेळी असंच झालं, तर पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल, तिथं नंबर कधी लागेल सांगता येणार नाही. इकडं साळूबाईच्या घरी मांडवाचं बोलणं सुरू झालेलं. ती सुमैराला फोनवर विचारायची, डोळा कुठवर आला? जसं काही चुलीवर ठेवलाय.

तिसऱ्या खेपेला रशीदाबी बाकावर बसली होती. अंगात दवाखान्याचा झगा, डोक्याला टोपी. मंगल डोळ्यात थेंब घालायला आली. मंगल आटपाडीकडची, धनगराघरची लेक. चुलते अजून मेंढरं घेऊन फिरतात आणि ही इथं डोळे राखते. रशीदाबीनं इकडंतिकडं बघितलं, जवळ कुणी नाही अशी खात्री केली आणि मंगलचा हात धरला.

"मंगलबाई, एक सांगू? पर डॉक्टरला माझं नाव सांगू नगा. पोराला वाईट वाटंल."

"काय वं भाबी?"

"ह्या बारीला भिंग एक माप कमी घ्या म्हणावं. आन् तरीबी जाईना, तर साबणाचा हात लावायचा. आमी तसंच करतो. जोर करायचा न्हाई. दोन वाढली, आता तिसरं तरी नगं."

मंगलच्या हातातली थेंबांची बाटली तशीच राहिली. "दोन काय वाढली?"

"भिंगं. तुमीच म्हणाला की. मी कुणापाशी तोंड उघडलं न्हाई, खुदाची आन. हात हाय, चुकतो. माझा चुकला न्हाई व्हय?"

मंगलनं बाटली खाली ठेवली. मग तिला कळलं. तिची आईही हातातली बांगडी वाढली असंच म्हणायची, आटपाडीकडं काय वेगळं बोलत नाहीत. ती तिथंच बाकावर बसली आणि तोंडाला पदर नव्हता म्हणून हातातला कापूस लावून हसली.

"आवं भाबी, त्ये तुमचं प्रेशर वाढलं म्हनत हुते मी. भिंग तर डब्यातनं भायेरबी काढलं न्हवतं."

"प्रेशर घरात वाढत न्हाई माझं. धा बारीला बघितलंय."

"घरात कोन 'वाढलं' म्हनतंय का? मी म्हनले थोडं वाढतंय, आन् तुमी त्ये ऐकून लय वाढवलं. मंग मी म्हनले लय वाढलं, आन् तुमी आनखी वाढवलं. आपन दोघींनी मिळून चढवलंय त्ये."

रशीदाबीला हे पटायला वेळ लागला. दोन खेपा डॉक्टरला पोटात माफ केलं होतं, ते सगळं फुकट गेलं, याचंही थोडं वाईट वाटत असावं. तिचा शेवटचा मुद्दा काचेचा होता. काच ती काच. डोळ्यात गेली आणि वाढली तर? मंगल आत गेली आणि दाखवायला ठेवलेलं एक जुनं भिंग घेऊन आली. रशीदाबीच्या बोटावर ठेवलं. दुधावरच्या सायीचा तुकडा असावा तसं. मंगल म्हणाली, याची घडी घालून आत सोडतात, आत गेलं की आपोआप उघडतं. रशीदाबीनं ते डोळ्याशी नेलं, चिमटीत दाबलं, सोडलं; ते मुकाट्यानं पुन्हा सरळ झालं. जन्मभर काच हाताळली, पण न वाढणारा माल तिनं आजच पाहिला. तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा, की यात बांगड्या निघतात का.

आत गेल्यावर मंगलनं दोन गोष्टी केल्या. डॉक्टरांच्या कानाशी काहीतरी कुजबुजली; डॉक्टर मास्कच्या आत हसले असावेत, कारण त्यांचा चष्मा धुरकटला. आणि मशीन दुसऱ्या सिस्टरकडं देऊन ती स्वतः स्टूल घेऊन टेबलाजवळ बसली. कापडाखालून तिनं रशीदाबीचा हात हातात घेतला. सांगितलं, बोलायचं नाही, मान हलवायची नाही, काही झालं तर माझं बोट दाबायचं. दुसऱ्या सिस्टरला आधीच ताकीद होती, या टेबलावर 'वाढलं' हा शब्द काढायचा नाही.

सुरुवातीला थोडं झालंच. सिस्टर म्हणाली, "सर, जरा चढलंय."

चढलंय. रशीदाबीच्या कानाला हा शब्द गोड लागला. तिच्या धंद्यात चढलं म्हणजे बसलं, झालं, पुढची बाई कोण. तिच्या मुठीतली बोटं सुटली.

मंगल हळू आवाजात बोलायला लागली. तिची एक चुलत जाऊ होती. तिचा नवरा मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूला उतरला, की ही रोज संध्याकाळी त्याला व्हिडिओ कॉल करायला लावायची. मेंढरं दाखव, म्हणायची, कोकरं दाखव. तो बिचारा फोन फिरवून सगळा कळप दाखवायचा. एक दिवस असाच फोन फिरवला, आणि बाभळीच्या मागं एका साडीचा पदर दिसला. जांभळा.

रशीदाबीनं मंगलचं बोट दाबलं. मंगलनं विचारलं, दुखतंय का? बोट दाबलं गेलं नाही. मग काय? पुन्हा दाबलं. पुढं सांग, असा त्याचा अर्थ होता. तिकडं पट्टा फुगत होता, सुटत होता, आणि आकडे एकेक पायरी उतरत होते. डॉक्टर म्हणाले, "आजी, हसू नका, डोळा हलतोय."

जाऊ दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं निघाली, चिपळूणच्या अलीकडं उतरली, रानातनं चालत कळपापाशी गेली, आणि मंगल इथवर आली तोच डॉक्टर म्हणाले, "झालं. बसलं भिंग."

डोळ्यावर पट्टी लागली, रशीदाबीला खुर्चीवरून बाहेर आणलं. सुमैरा धावत पुढं आली, अम्मी, ठीक आहेस ना? रशीदाबीनं लेकीला बाजूला सारलं आणि मागं वळून विचारलं, "मंगलबाई, पदर कुणाचा हुता?"

तो कुणाचा होता, ते दुसऱ्या दिवशी पट्टी सुटल्यावर कळलं. जावेच्या नवऱ्याच्या भावाच्या बायकोनं वाळत घातलेला होता म्हणे. रशीदाबीला ते काही खरं वाटलं नाही.

हर्षलाच्या चुड्याला ती गेली, तेव्हा थेंब चालूच होते. काळा चष्मा तिनं साळूबाईच्या उंबऱ्यात काढला. साळूबाईचे केस रंगवलेले आहेत हे तिला पहिल्यांदा दिसलं, आणि तिनं ते चारचौघींत सांगितलंही, म्हणून सगळ्यांची खात्री पटली, की डोळा चांगला झालाय.

खोली बायकांनी भरली होती. हर्षला पाटावर बसली. तिनं मनगटावरचं घड्याळ जरा उशिरा, चुळबुळत काढलं आणि हात पुढं केला. रशीदाबीनं तो हातात घेतला, उलटा केला. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं नाडी लागते तिथं, पावडर थापलेली होती. पावडरखाली निळ्या शाईचं, नखाएवढं, गोंदलेलं एक अक्षर. 'अ'.

नवऱ्याचं नाव राजवर्धन. साळूबाईच्या घरात अ वरून कुणी नाही, हे रशीदाबीला खानेसुमारी करणाऱ्यापेक्षा जास्त माहीत होतं. चार महिन्यांपूर्वी तिला तो हात नुसताच गोरा दिसला असता. तिच्या अंगठ्याखाली पोरीची नाडी पळत होती. मशीन लावायची गरज नव्हती. तिनं वर पाहिलं. हर्षला तिच्याकडंच बघत होती, श्वास रोखून.

"काय गं भाबी," साळूबाई वाकून म्हणाली, "दिसतंय न्हवं नीट?"

"दिसतंय की. लय झ्याक दिसतंय."

अशी बातमी उंब्रजमध्ये दहा वर्षांत आली नव्हती. ती जिभेच्या टोकाशी आली, तिथं थोडा वेळ बसलीही. मग रशीदाबीनं उघडलेली पेटी मिटली आणि एक माप कमी असलेली दुसरी उघडली. मोठ्या मापाच्या बांगड्या हाताबरोबर वरखाली होतात, मनगट उघडं टाकतात. या बसल्या की जागच्या हलत नाहीत.

पण इतक्या बेताच्या मापाला हात ढिला सुटायला हवा, आणि पोरीचा हात तर लाकूड झालेला. कुणाची तरी गोष्ट काढणं भाग होतं. रशीदाबीनं क्षणभर खोलीतल्या बायकांवरून नजर फिरवली. एकेकीनं पदर सावरला. मग तिनं स्वतःचीच काढली. लग्न ठरल्यावर आपल्याला चांदसाहेब कसा मुळीच पसंत नव्हता, माहेरी पलूसच्या एका घड्याळवाल्याच्या दुकानासमोरून आपण रोज कारण नसताना कशा जायचो, आणि घड्याळ नसताना ते दुरुस्त कसं करून घ्यायचो, हे तिनं असं रंगवून सांगितलं, की साळूबाई हसता हसता भिंतीला टेकली. हर्षलाही हसली. हात सुटला. एकामागून एक बांगड्या चढल्या आणि पावडर, शाई, अक्षर सगळं हिरव्या काचेखाली गेलं.

घरी परतताना साळूबाई तिच्या दारापर्यंत सोबत आली. उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "भाबी, त्या घड्याळवाल्याचं आजवर कवा बोलली न्हाईस."

"कुणी विचारलं न्हाई."

"आन् पोरीचा हात एवढा येळ धरून का बसली हुतीस?"

"माप घेत हुते," रशीदाबी म्हणाली.